स्वयंसेवकांच्या वन्यजीव-नोंदी : विश्वसनीयतेचा विचार

१. प्रास्ताविक

सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलांत राहणाऱ्या रानपिंगळ्याची हकीकत पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. १८७३ मध्ये ह्यूम याने या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढील काही वर्षांत तिचे मोजकेच नमुने संग्रहालयांत जमा झाले आणि १८८४ नंतर हा पक्षी अभ्यासकांच्या दृष्टीआड झाला. या दीर्घ मौनाला अपवाद असा एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन या ख्यातनाम पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत आपण एक रानपिंगळा मिळविल्याचे सांगितले होते, आणि तो नमुना लंडनच्या संग्रहालयात ठेवलेलाही होता. शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनी या नमुन्याची बारकाईने छाननी केली, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातील जुना नमुना असून चोरून, नव्याने भरून व खोटी चिठ्ठी लावून पुढे केलेला आहे, असे आढळून आले. या खोट्या स्थळाच्या आधारे झालेले शोध अर्थातच निष्फळ ठरले होते. ते स्थळ बाजूस सारून जुन्या व अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांकडे लक्ष वळविताच, नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दृष्टीस पडला.

या हकीकतीतून निघणारे तात्पर्य प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे. ज्या नोंदीने अभ्यासकांची दिशाभूल केली, ती कोणा नवशिक्या हौशी माणसाची नव्हती. आपल्या काळात अधिकारी मानल्या गेलेल्या व्यक्तीची होती. उलट, ज्या चिठ्ठ्यांनी पक्षी पुन्हा सापडला, त्यांचे मोल लिहिणाराच्या प्रतिष्ठेत नव्हते. स्थळ व काळ यांची खरी व ताडून पाहता येण्याजोगी माहिती त्यांवर होती, यात होते. नोंदीची योग्यता नोंद करणाराच्या पदावरून ठरत नाही, तर ती पारखून घेण्याची सामग्री नोंदीतच आहे की नाही, यावरून ठरते.

'सामान्य नागरिकांनी गोळा केलेली माहिती शास्त्रास कितपत मान्य व्हावी ?' हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभारलेला असून, त्यात ९४२ जातींचा परामर्श घेतलेला आहे. त्यांपैकी १७८ जाती संरक्षणाच्या दृष्टीने अग्रक्रमाच्या ठरविल्या आहेत. इतक्या विस्तीर्ण देशात, इतक्या जातींची, वर्षानुवर्षे मोजणी करणे कोणत्याही एका संस्थेच्या पगारी सेवकांना शक्य नाही. तेव्हा स्वयंसेवकांची माहिती घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न उरत नाही. ती कशी घ्यावी, एवढाच उरतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः पक्षिगणनेची उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२. परंपरा

हौशी निरीक्षकांवर विसंबण्याची प्रथा नवी नव्हे. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. वनाधिकारी, लष्करी अंमलदार, मळेवाले इत्यादिकांनी नित्याच्या कामातून सवड काढून पाठविलेल्या टिपणांचा त्यात मोठा भरणा असे. तथापि ही टिपणे स्वभावतःच अपवादात्मक घटनांची असत. अपूर्व पक्षी दिसला, अकाली घरटे आढळले, की माणूस लेखणी उचलतो. रोजचा कावळा कोणी लिहीत नाही.

नियमबद्ध गणनेचा आरंभ अमेरिकेत झाला, असे मानावयास हरकत नाही. नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पक्ष्यांची शिकार करण्याची तेथे चाल होती. फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली, शिकारीऐवजी त्या दिवशी पक्ष्यांची मोजदाद करावी, अशी सूचना केली. त्या वर्षी सत्तावीस निरीक्षकांनी पंचवीस ठिकाणी ही गणना केली, आणि ती परंपरा आजतागायत चालू आहे. या गणनेत पक्ष्यांच्या संख्येबरोबरच किती तुकड्या किती तास हिंडल्या, हेही लिहून ठेवण्याचा प्रघात पडला. हा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु जुन्या गणनांची नव्या गणनांशी तुलना करता येते ती मुख्यतः त्याच्याच बळावर, हे पुढे स्पष्ट होईल.

३. प्रमाद आणि अभिनती

नोंदींतील दोषांचा विचार करताना दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे यादृच्छिक प्रमाद. एक निरीक्षक थवा थोडा कमी मोजतो, दुसरा थोडा अधिक मोजतो. अशा चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात आणि नोंदींची संख्या वाढली की त्यांचा प्रभाव सरासरीत विरून जातो. दुसरी म्हणजे अभिनती, अर्थात एकाच बाजूला झुकणारा दोष. सर्वच निरीक्षक रविवारी सकाळी, पक्क्या रस्त्यालगतच्या तलावांवर जात असतील, तर नोंदी हजारांच्या लाख झाल्या तरी हा झुकाव कमी होत नाही. उलट मोठ्या संख्येमुळे चुकीच्या निष्कर्षाविषयीचा आपला आत्मविश्वास मात्र वाढतो.

स्वयंसेवकांच्या माहितीवर सामान्यतः जो आक्षेप घेतला जातो तो पहिल्या प्रकारच्या चुकांचा, विशेषतः जात चुकीची ओळखण्याचा. परंतु अनुभव असा आहे की, अधिक हानी दुसऱ्या प्रकाराने होते. म्हणून दोहोंचे उपाय निरनिराळे पाहू.

४. जात ओळखण्यातील चुका

ओळखीतील चूक सामान्य जातींच्या बाबतीत फारशी बाधत नाही. दुर्मिळ जातींच्या बाबतीत मात्र ती सर्व हिशेब उलथून टाकते. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या जिल्ह्यातून १,००० याद्या आल्या, आणि एक दुर्मिळ जात त्यांपैकी दहाच ठिकाणी वस्तुतः हजर होती, असे धरू. दहांपैकी आठ ठिकाणी ती निरीक्षकांनी बरोबर ओळखली. उरलेल्या ९९० ठिकाणी शंभरांतून केवळ एकदा दुसऱ्याच पक्ष्याला ती जात समजले, असे मानले, तरी सुमारे दहा खोट्या नोंदी तयार होतात. म्हणजे एकूण अठरा नोंदींपैकी दहा चुकीच्या ! नव्व्याण्णव टक्के अचूक असलेल्या निरीक्षकांकडूनही असे घडते, कारण जात जितकी विरळ, तितका तिच्या खऱ्या नोंदींवर चुकांचा भार अधिक. म्हणूनच सर्व नोंदी सारख्याच कसोशीने तपासणे अनावश्यक, आणि विरळ जातींच्या नोंदी न तपासता स्वीकारणे घातक होय.

२००२ साली सुरू झालेल्या ईबर्ड या नोंदसंग्रहाची तपासणी या तत्त्वावर चालते. प्रत्येक प्रदेशासाठी, प्रत्येक महिन्यात, कोणती जात किती संख्येपर्यंत अपेक्षित आहे याची मर्यादा स्थानिक जाणकारांनी घालून दिलेली असते. ती ओलांडणारी नोंद आपोआप बाजूस काढली जाते. मग त्या प्रदेशाचा परीक्षक निरीक्षकास छायाचित्र, ध्वनिमुद्रण वा वर्णन मागतो. समाधान न झाल्यास नोंद नष्ट केली जात नाही. ती निरीक्षकाच्या वहीत राहते, केवळ सार्वजनिक निष्कर्षांत धरली जात नाही. ही व्यवस्था पुढे उपयोगी पडते, कारण आज अविश्वसनीय वाटणारी नोंद नवा पुरावा मिळाल्यावर पुन्हा विचारात घेता येते.

या पद्धतीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. अपेक्षेबाहेरची चूक तिच्यात पकडली जाते; अपेक्षेच्या आतली चूक सुटून जाते. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणाऱ्या वटवट्यांच्या अनेक जाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, एकीच्या जागी दुसरी लिहिली गेली तरी यंत्रणेस त्यात वावगे काही दिसत नाही. अशा ठिकाणी निरीक्षकाचा संयम हाच खरा उपाय. 'वटवट्या, जात अनिश्चित' ही नोंद अज्ञानाची कबुली नसून शास्त्रीय शिस्तीचे लक्षण आहे. निरीक्षकांच्या प्रशिक्षणात पक्षी ओळखण्याइतकेच, तो न ओळखल्याचे निःसंकोचपणे लिहिण्याचे शिक्षण द्यावयास हवे.

मराठी निरीक्षकांच्या बाबतीत नावांचाही प्रश्न आहे. नुसते 'खंड्या' असे लिहिल्यास, एकाच तलावावर वावरणाऱ्या दोनतीन जातींपैकी कोणती अभिप्रेत आहे, ते समजत नाही. 'बगळा' या नावाखाली गाय बगळा, लहान बगळा व मोठा बगळा असे निरनिराळे पक्षी एकत्र होतात. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'सारख्या ग्रंथांनी मराठी व बोलींतील नावांचा मोठा ठेवा नोंदविला आहे. गावोगावच्या निरीक्षकांस कामात सहभागी करावयाचे, तर स्थानिक नाव व प्रमाण नाव शेजारी शेजारी असलेला नोंदतक्ता त्यांच्या हाती द्यावा. स्थानिक नाव चुकीचे म्हणून पुसून टाकू नये.

५. प्रयासाची नोंद आणि संपूर्ण यादी

आता अधिक महत्त्वाच्या दोषाकडे वळू. 'अमुक तलावावर चक्रवाक दिसला' एवढ्या नोंदीवरून चक्रवाक तेथे होता, इतकेच कळते. परंतु शास्त्राला हवे असते ते प्रमाण : किती वेळा पाहिले असता किती वेळा दिसला ? या भागाकारातील छेद नोंदीत नसेल, तर अंश कितीही मोठा असला तरी त्याचा अर्थ लागत नाही. दहा वर्षांत एखाद्या पक्ष्याच्या नोंदी तिप्पट झाल्या, पण त्याच काळात निरीक्षक दसपट झाले, तर तो पक्षी वाढला की घटला ?

हा छेद मिळविण्याचे साधन म्हणजे संपूर्ण यादी. निरीक्षकाने ठराविक वेळ व अंतर यांत, आपणास ओळखता आलेल्या सर्व जाती लिहावयाच्या. आवडीच्या वा विशेष वाटलेल्या तेवढ्याच नव्हेत. आरंभाची वेळ, एकूण कालावधी, चाललेले अंतर व निरीक्षकांची संख्या त्यासोबत द्यावयाची. असे केले म्हणजे यादीत नसलेली जातही बोलू लागते. अर्ध्या तासात साळुंकी, कावळा, बुलबुल लिहिले आणि चिमणी लिहिली नाही, तर चिमणी दिसली नाही, असा अर्थ घेता येतो. हे शून्य अत्यंत मोलाचे असते, आणि ते प्रामाणिक आहे अशी ग्वाही संपूर्ण यादीखेरीज अन्य कशानेही मिळत नाही.

चिमणीचे उदाहरण येथे हेतुतः घेतले आहे. चिमण्या नाहीशा होत चालल्या, अशी भावना महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात, संपूर्ण याद्यांतील चिमणीची वारंवारता तपासून, देशभराचा विचार करता पंचवीसहून अधिक वर्षांत ती बहुतांशी स्थिर आहे, मात्र मुंबईसह सहा महानगरांत ती हळूहळू घटत आहे, असा निष्कर्ष काढलेला आहे. केवळ सुट्या नोंदींवर विसंबले असते, तर हा विवेक करणे अशक्य होते. सुट्या नोंदी करणारा निरीक्षक आरंभी चिमणी लिहितो, आणि पुढे सराव वाढला की 'ती काय लिहावयाची ?' म्हणून सोडून देतो. निरीक्षकाचा कंटाळा मग आकडेवारीत चिमणीचा ऱ्हास म्हणून प्रकट होतो ! आणि उलटही घडते : चिमणीविषयी चर्चा सुरू झाली की लोक तिच्या नोंदी मुद्दाम पाठवू लागतात, आणि ती वाढल्याचा भास होतो.

येथे अशी शंका येणे स्वाभाविक आहे की, पक्षी उपस्थित असूनही दिसला नसेल, तर शून्य खोटे ठरणार नाही काय ? ठरेल, आणि म्हणूनच आढळण्याची संभाव्यता हा स्वतंत्र विचाराचा विषय झाला आहे. एका भेटीत एखादी जात आढळण्याची संभाव्यता ०.४ असेल, तर ती तेथे असूनही एका भेटीत न दिसण्याची संभाव्यता ०.६ आहे. परंतु तीन स्वतंत्र भेटी दिल्यास तिन्ही वेळा ती हुकण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे ०.२१६ इतकीच राहते. दहा नव्या ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा, काही ठिकाणी पुनःपुन्हा जाण्याचे महत्त्व यावरून लक्षात येईल. पुन्हा दिलेल्या भेटींतूनच 'नाही' आणि 'दिसला नाही' यांतील अंतर मोजता येते.

संख्येच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. उजनी वा नाथसागर यांसारख्या जलाशयांवर बदकांचे व रोहित पक्ष्यांचे मोठे थवे असतात. निरीक्षक गोंधळून 'भरपूर' असे लिहितो, किंवा केवळ उपस्थितीची खूण करून थांबतो. त्याऐवजी थव्यातील पन्नास पक्ष्यांचा एक गट डोळ्यांत धरून, तसे किती गट होतात, हे मोजावे. दोन निरीक्षकांनी आपापले अंदाज एकमेकांस न सांगता आधी लिहावेत आणि मग ताडून पाहावेत. कच्चा का होईना, पण पद्धतशीर अंदाज आकडाच न देण्यापेक्षा कितीतरी बरा.

६. निरीक्षक-निरीक्षकांतील भेद

उत्तर अमेरिकेत १९६६ पासून वीण-काळातील पक्ष्यांची गणना सुरू झाली. तिची रीत कडक आहे. सुमारे ३९ किलोमीटरांचा ठराविक मार्ग, त्यावर पन्नास थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, आणि तेवढ्यात ४०० मीटरांच्या आत दिसलेले व ऐकू आलेले सर्व पक्षी. इतकी एकरूपता असूनही, १९९० नंतरच्या दशकात संख्याशास्त्रज्ञांनी या माहितीची पाहणी केली असता एक विलक्षण गोष्ट आढळली. एखाद्या मार्गावर नवीन येणारे निरीक्षक, सामान्यतः आपल्या आधीच्या निरीक्षकांपेक्षा अधिक पक्षी नोंदवीत होते. म्हणजे काळाच्या ओघात निरीक्षकांचा दर्जा सुधारत होता. शिवाय तोच निरीक्षक मार्गावरील आपल्या पहिल्या वर्षी पुढील वर्षांपेक्षा कमी पक्षी नोंदवीत असे. या दोन्ही गोष्टी दुर्लक्षिल्या, तर पक्ष्यांची स्थिती वस्तुस्थितीहून अधिक आशादायक दिसते.

यावरचा उपाय म्हणून निरीक्षकाची ओळख प्रत्येक नोंदीशी जोडलेली ठेवून, विश्लेषणात निरीक्षक हा एक स्वतंत्र घटक धरला जातो. वाईट निरीक्षक वगळून चांगले तेवढे ठेवावेत, असा हा उपाय नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. मध्यम कुशलतेचा पण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी, एकाच रीतीने मोजणारा माणूस, अधूनमधून येणाऱ्या निष्णात माणसापेक्षा प्रवृत्ती जाणण्यास अधिक उपयोगी ठरतो. त्याची चूक कायम राहते, आणि कायम राहणारी चूक दोन वर्षांच्या तुलनेत निघून जाते.

७. स्थळांची निवड

निरीक्षकास स्थळ निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, की तो साहजिकच पक्षी भरपूर असलेल्या, सोयीच्या व रम्य ठिकाणी जातो. माळराने, उसाची शेते, औद्योगिक वसाहती रिकाम्या राहतात. आणि तेथील बदल कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९४ पासून चालू असलेल्या गणनेत म्हणून एक किलोमीटर बाजूचे चौरस यादृच्छिक रीतीने निवडून निरीक्षकांस नेमून देतात. निवड लेखणीने नव्हे, चिठ्ठीने होते.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण केरळने घालून दिले. २०१५ ते २०२० या काळात त्या राज्याचा पक्षी-नकाशासंग्रह तयार झाला. सुमारे चार हजार चौकोनांत, पावसाळी व कोरड्या अशा दोन हंगामांत, हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी पंचवीस हजारांवर याद्या केल्या, आणि ३६१ जातींच्या जवळजवळ तीन लाख नोंदी हाती आल्या. यांतील स्वयंसेवकांना रबराच्या मळ्यात वा भातशेतीतही तितक्याच निष्ठेने उभे राहावे लागले. असे काम कंटाळवाणे असते. तरीही ते पार पडले याचे कारण, हा चौकोन का निवडला आणि येथील 'काही विशेष नाही' या उत्तराला काय किंमत आहे, हे त्यांना आधी समजावून दिले गेले तर लोक तयार होतात, हेच म्हणावे लागेल.

जेथे अशी आखणी शक्य नसते, तेथे विश्लेषकाने भरपाई करावयाची असते. एकाच लोकप्रिय तलावावरून आलेल्या शेकडो याद्यांतून ठराविक कालखंडात थोड्याच निवडाव्यात. फार लांब अंतराच्या वा फार दीर्घ कालावधीच्या याद्या वगळाव्यात. कालावधी, अंतर व यादीतील जातींची संख्या यांना हिशेबात स्थान द्यावे. यामुळे नोंदी कमी होतात, परंतु उत्तर सुधारते. वगळलेल्या माहितीचा मोह आवरणे, हा विश्लेषकाच्या शिस्तीचा भाग आहे.

८. बहुमताचे बळ आणि त्याची सीमा

काही कामांत तपासणी बहुमतानेही होऊ शकते. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात १,१२५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर २२५ स्वयंचलित कॅमेरे बसविण्यात आले. २०१० पासून २०१३ पर्यंत त्यांनी बारा लाख चित्रसंच टिपले. ते ओळखण्याचे काम सामान्य जनतेवर सोपविले गेले. अठ्ठावीस हजारांहून अधिक नोंदणीकृत स्वयंसेवकांनी एक कोटी आठ लाख उत्तरे दिली. प्रत्येक चित्र अनेकांना दाखवून बहुमताचे उत्तर ग्राह्य धरले. तज्ज्ञांनी ओळखलेल्या ४,१४९ चित्रांशी ताडता, जातीच्या बाबतीत ९६.६ टक्के आणि संख्येच्या बाबतीत ९० टक्के मेळ बसला.

याचे गणित सोपे आहे. पाच माणसे प्रत्येकी ऐंशी टक्के अचूक असतील आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे उत्तर देत असतील, तर त्यांच्या बहुमताची अचूकता सुमारे चौऱ्याण्णव टक्के होते. पण 'स्वतंत्रपणे' हा शब्द येथे सर्व भार वाहतो. एकाने मोठ्याने 'ससाणा !' म्हटले आणि उरलेल्या चौघांनी माना डोलावल्या, तर ती पाच मते नसून एकच मत होय. अलीकडे पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचविणारी यंत्रे अनेकांच्या हाती आली आहेत. शिकाऊ निरीक्षकास त्यांचे साहाय्य निश्चितच मोठे आहे. तथापि यंत्राने सुचविलेले नाव डोळ्यांनी वा कानांनी खात्री न करता लिहिल्यास, हजारो निरीक्षक एकच चूक एकाच दिशेने करू लागतात. आणि यादृच्छिक प्रमादाचे रूपांतर अभिनतीत होते. यंत्राची सूचना हा शोधाचा आरंभ मानावा, पुरावा मानू नये.

सेरेंगेटीच्या कामातून आणखी एक धडा मिळतो. प्रत्येक उत्तराबरोबर निरीक्षकांत एकमत किती होते, याचेही माप ठेवलेले होते. जेथे मतभेद अधिक, तेथेच तज्ज्ञांनी लक्ष घालावे, म्हणजे त्यांचा थोडा वेळ योग्य ठिकाणी खर्च होतो.

९. स्वयंसेवकाचे स्थान

आतापर्यंतच्या विवेचनाचा मथितार्थ असा : चूक नंतर दुरुस्त करता येते, अनिश्चितता नंतर मोजता येते, परंतु जे लिहिलेच नाही ते नंतर निर्माण करता येत नाही. किती वेळ पाहिले, कोठे पाहिले, कोणी पाहिले, सर्व लिहिले की निवडक लिहिले, ही चार उत्तरे ज्या नोंदीत आहेत, तिच्यातील बहुतेक दोषांवर संख्याशास्त्राकडे उपाय आहे. ती नसतील, तर निष्णात निरीक्षकाची नोंदही केवळ आठवण ठरते.

म्हणून या विषयात प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आखणीच्या वेळीच पुढील दक्षता घ्यावी. नोंदतक्ता इतका लहान असावा की, थकलेला माणूसही तो पूर्ण भरील. परंतु वरील चार गोष्टी त्यातून कदापि गाळू नयेत. प्रत्यक्ष कामाआधी निदान एक दिवस सर्वांनी एकाच ठिकाणी स्वतंत्रपणे मोजणी करून परस्परभेद पाहावा. काही थोड्या ठिकाणी अनुभवी निरीक्षकाने पुन्हा गणना करून ताळा घ्यावा. जात अनिश्चित लिहिण्याची व शून्य लिहिण्याची मुभा केवळ असू नये, तिची शिफारस असावी. दुर्मिळ जातींच्या घरट्यांची नेमकी स्थळे मात्र प्रसिद्ध करू नयेत. आणि विभागात धूळ खात पडलेल्या जुन्या क्षेत्रवह्या चाळून पाहाव्यात. तारीख, स्थळ व सर्व जाती लिहिलेल्या जुन्या याद्या आज पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून अमोल ठरत आहेत.

शेवटी, स्वयंसेवक हा स्वेच्छेने येतो, हे विसरता कामा नये. त्याची नोंद शंकास्पद ठरविताना भाषा संशयाची नसावी, जिज्ञासेची असावी. 'हे शक्य नाही' असे लिहिण्याऐवजी 'शेपटीचा आकार आठवतो काय ?' असे विचारल्यास, निरीक्षक पुढील वेळी शेपटी पाहील. ज्यांनी पहाटे उठून, पदरचे पैसे खर्चून, तलावाच्या चिखलात उभे राहून आपणास माहिती दिली, त्यांना त्या माहितीतून काय निष्पन्न झाले, हे त्यांच्याच भाषेत कळविणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. आपण लिहिलेल्या शून्याचा उपयोग झाला, हे ज्याला समजले, तो पुढच्या वर्षीही कावळा आणि चिमणी न चुकता लिहील. आणि नोंदींची गुणवत्ता अंतिमतः त्याच सवयीवर अवलंबून आहे.